गावाबाहेरचा जुना कचरा कसा मोकळा करायचा, नवीन कचरा शेड कशी ठरवायची (आणि मशीन सगळ्यात शेवटी काहून घ्यायची)

बहुतेक ग्रामपंचायती हे काम उलट्या टोकाकडून सुरू करतात. पहिले कोटेशन येते, मग मशीन येते, मग मशीनसाठी शेड पायजे म्हणून जागा शोधणं सुरू होते, आणि जागा सापडून ठराव होईपर्यंत मशीनच्या वायरी उंदरानं खाल्लेल्या असतात. म्हणून इथं मशीनचा विषय एकदम शेवटी घेतला आहे, तोवर दम धरा. पाच-दहा हजार वस्तीचं गाव किंवा नवीन झालेली नगरपंचायत, नाल्याच्या काठी नाहीतर ई-क्लासच्या (सरकारी गायरान) जमिनीवर पंधरा-वीस वर्षांपासून पडत आलेला कचरा, असं चित्र डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोएवढा डोंगर आपल्या गावात नसते, पण तिथं जे करा लागते तेच लहान प्रमाणात इथं करा लागते.

आधी नवीन कचरा तिथं जाणं बंद

जुना ढीग उपसणं सुरू आहे आणि दुसऱ्या बाजूनं घंटागाडी रोज त्याच्यावरच कचरा ओतून राहिली आहे, असं असेल तर ते काम कधीच संपत नाही, बिलं मात्र निघत राहतात. ताजा ओला कचरा जुन्या वाळलेल्या मातीत मिसळला की चाळणी चिकटते, वास सुटतो, कुत्रे आणि डुकरं येतात. तर काम सुरू व्हायच्या किमान दोन महिने आधी नवीन कचऱ्याची वेगळी सोय लावा, तात्पुरती असली तरी चालेल, मुरूम दाबलेली जागा आणि चारी बाजूनं मातीचा बांध एवढं पुरते.

ओल्या कचऱ्याचं आपल्याकडे शहराइतकं अवघड नाही. ज्याच्या घरी ढोरं आहेत त्याच्या घरचं शिळं-पाकं ढोरं खातात, उरलेलं उकिरड्यावर जाते. प्रश्न आहे तो बाजारचौक, हॉटेलं, मंगल कार्यालय आणि ज्यांच्याकडे ढोरंही नाहीत न् परसही नाही अशा वस्तीचा. त्यांच्यासाठी नाडेप टाकं बांधा. ही पद्धत आपल्याच विदर्भातली, पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच नाडेप म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, नऊ इंची विटांची भिंत आणि भिंतीत हवेसाठी भोकं सोडलेली. पालापाचोळा, सोयाबीनचं कुटार, ओला कचरा याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असं भरत जायचं आणि वरून शेणमातीनं लिंपून टाकायचं, साडेतीन-चार महिन्यात खत तयार. दोन गोष्टी लक्षात ठेवा. अख्खी पऱ्हाटी आणि तुराटी यात कुजत नाही, बारीक कुट्टी करूनच टाका. आणि उन्हाळ्यात पाणी मारलं नाही तर आतला माल नुसता वाळून बसते, मग लोक म्हणतात नाडेप फेल आहे.

जागेचा सातबारा

हे काम दोन दिवसांचं आहे पण टाळलं तर दोन वर्षं खाते. कचरा ज्या गटात पडला आहे आणि शेड जिथं बांधायची आहे, दोन्हीचे सातबारे आणि मोजणी नकाशे काढा. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इकडे, नोंद झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) अशी तर नाही ना हे पहिले पहा. मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल ही वनजमीनच आहे असा निकाल दिला, त्यामुळे अशा जागेवर १९८० च्या वन कायद्याची परवानगी घेतल्याशिवाय बांधकामाचा विचार करू नका, सरपंच कितीही म्हणो की आपलीच जागा आहे.

अंतरांचं म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा नियमात लँडफिलसाठी, म्हणजे कचरा कायमचा पुरायच्या जागेसाठी, नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर, हायवे, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासूनही २०० मीटर असा हिशेब दिला होता. नुसत्या सुक्या कचऱ्याच्या शेडला एवढं कडक नसते, पण मी म्हणेन की नवीन जागा निवडताना हाच हिशेब धरून चाला, पुढे कोणी तक्रार केली तर उत्तर तयार राहते. आणि नाल्याला मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत चढलं होतं हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते नकाशावर नसते. ग्रामसभेचा ठराव घ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातल्या कार्यालयाला (नागपूर, अमरावती, चंद्रपूर असे तीन आहेत) पत्र द्या, पोच घ्या.

ढीग मोजा, अंदाजानं बोलू नका

"हजारएक ट्रॉली असल बाप्पा" यावर टेंडर निघत नाही, आणि निघालं तर ठेकेदाराचं भलं होते. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजा, नगरपंचायत असेल तर टोटल स्टेशननं (मोजणीचं यंत्र) किंवा ड्रोननं सर्व्हे करून घ्या. खोली मात्र वरून कळत नाही. त्यासाठी जेसीबीनं सात-आठ ठिकाणी खड्डे घ्या, मूळ काळी माती किंवा मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि प्रत्येक खड्ड्याची खोली लिहून ठेवा. कचरा बहुतेक वेळा जुन्या खदानीत किंवा नाल्याच्या घळीत टाकलेला असते, म्हणून वरून पाच फूट दिसणारा ढीग खाली पंधरा फूट निघू शकते.

हिशेब असा. अर्धा एकर म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. सरासरी खोली २ मीटर निघाली तर ४,००० घनमीटर. जुन्या मातीमिश्रित कचऱ्याचं वजन घनमीटरला ०.८ टन धरलं तर ३,२०० टन. शहरी स्वच्छ भारत मिशन २.० मधे जुन्या कचऱ्याला टनामागे ५५० रुपये असा दर धरलेला होता, त्या हिशेबानं हे काम १७ लाख ६० हजाराचं झालं. आता खोली सरासरी १ मीटरच असताना कोणी २ लिहिली तर काय होते ते तुम्हीच काढा. म्हणून खड्डे घेताना चार गावकरी उभे ठेवा आणि फोटो काढताना खड्ड्यात टेप उभी धरा.

खड्डा खणताना जवळ बिडी-सिगरेट कोणाचीच नको. जुन्या कचऱ्यात मिथेन तयार होते, हवेत ते ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की ठिणगीनं भडका उडते. खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही, नमुना बकेटनं वर काढायचा.

नमुना घ्यायची पद्धत सोपी आहे. काढलेला माल ताडपत्रीवर एकत्र करून गोल ढीग करा, त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन फेका, पुन्हा मिसळा, असं करत शंभरएक किलोवर आणा. मग बांधकामवाल्याकडची खडी-रेतीची चाळणी आणा आणि हातानंच चाळून माती किती, दगड-विटा किती, प्लॅस्टिक-चिंध्या किती, काच-लोखंड किती हे वेगळं तोला. खेड्यातल्या ढिगात निम्म्याच्या वर तर मातीच निघते, कारण झाडलोटीची माती, चुलीची राख, पडक्या घराचा मलबा सगळं तिथंच गेलेलं असते. हे टक्के हातात आले की पुढचं सगळं नियोजन त्याच्यावरच बसते, कोणता माल कुठे किती न्यायचा, किती गाड्या लागतील, सगळं.

पाण्याचीही तपासणी करा. ढिगाच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि उताराच्या बाजूच्या दोन-तीन विहिरी किंवा बोअर घ्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), क्लोराइड, नायट्रेट एवढं तरी तपासा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पण इथं एक गडबड होते. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी मुळातच खारं आहे, तिथं टीडीएस जास्त आला म्हणून लगेच कचऱ्यावर ढकलता येत नाही, आणि उलट "आपल्याकडे पाणी असंच असते" म्हणून सोडूनही देता येत नाही. वरची विहीर आणि खालची विहीर यांच्यातला फरक पहा, एकटा आकडा काही सांगत नाही.

दिवाळीनंतर सुरू, मृगाच्या आधी बंद

चाळणीचं काम ओल्या कचऱ्यावर होत नाही. पावसाळ्यात आपली काळी माती चाळणीच्या भोकाला अशी चिकटते की ट्रॉमेल, म्हणजे ती फिरती गोल चाळणी, नुसती गरगर फिरते आणि खाली काहीच पडत नाही. वरून जागेवर जेसीबी फसते ते वेगळं. म्हणून पावसाळ्यात कागदपत्रं, टेंडर, करार करून घ्या, दिवाळीनंतर ढीग उघडा आणि मेअखेर गुंडाळा.

पूर्ण ढीग एकदम उघडायचा नाही. एका टोकाकडून सुरू करून दोन मीटर उंचीचे लांबच लांब वरंबे घाला, मधे जेसीबी फिरेल एवढी वाट सोडा. वरंब्यावर शेणकाला किंवा बाजारातलं कुजवणारं कल्चर शिंपडा, आठवड्यातून एकदा पलटा, असं तीन-चार वेळा. आत काही कुजायचं राहिलं असेल तर कुजून जाते, वास मरते, माल मोकळा होते आणि ढीग आकारानंही बसते. कल्चरच्या नावानं महागडे डबे विकणारे खूप आहेत, पंधरा वर्षं जुन्या मातकट कचऱ्याला ताजं शेणही बऱ्यापैकी काम देते असं माझं मत. माल चाळायला तयार झाला का हे पाहायला मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला तर अजून वाळू द्या, भुसभुशीत सुटला तर चाळा.

चाळणीचे टप्पे साधारण तीन. पहिल्या ८०-१०० मिमीच्या जाळीवर मोठं प्लॅस्टिक, चिंध्या, टायर, दगड अडकतात, मधल्या २५-३५ मिमीवर मधला माल, आणि शेवटी ४-६ मिमीतून बारीक माती खाली पडते. लहान गावानं यासाठी ट्रॉमेल विकत घ्यायची काही गरज नाही, काम दोन-तीन महिन्याचं आहे, नंतर ती गंजत पडते, भाड्यानं ठेकेदारासोबतच येऊ द्या.

मार्चपासून पुढे सगळ्यात मोठी भीती आगीची. ४५ डिग्रीत वाळलेलं प्लॅस्टिक, आत गॅस, आणि बाजूच्या शेतात कोणी धुरा (बांध) पेटवला की संपलं. पाण्याचा टँकर जागेवरच उभा पायजे, बोलावला तर येतो असा नाही. वरंब्यांमधे रिकामा पट्टा आणि मातीचा ढीग तयार ठेवा, आतून धुमसणाऱ्या कचऱ्यावर पाण्यापेक्षा माती लवकर काम करते. दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवा, मजूर माणसं आहेत. हातमोजे, बूट, मास्क, धनुर्वाताचं इंजेक्शन, हे टेंडरमधे नुसतं लिहून चालत नाही, सकाळी हजेरी घेताना पहा. उताराच्या बाजूला काम सुरू व्हायच्या आधीच चर आणि बांध घालून घ्या, अवकाळी पाऊस आपल्याकडे मार्चमधेही गारांसकट येते आणि उघडा पडलेला सगळा माल नाल्यात नेते.

निघालेला माल जाणार कुठे

खरं काम इथंच अडते. चाळणी सगळेच मारतात, पण चाळलेल्या मालाचे चार नवीन ढीग तिथंच पडून राहतात, म्हणजे एका ढिगाचे चार झाले एवढंच.

बारीक माती सगळ्यात जास्त निघते आणि सगळ्यांना वाटते की ते खत आहे. शेतकरी ट्रॉल्या भरून न्यायला तयारच असतात. थांबवा. पहिले लॅबमधून जड धातू तपासा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १० अशा मर्यादा आहेत. त्यात बसली नाही तर ती माती शेतात जाणार नाही. बसली तरी काचेचे आणि प्लॅस्टिकचे कण तिच्यात असतातच, म्हणून भाजीपाल्याच्या वावरात नकोच, रस्त्याकडेची झाडं, खड्डे भरणं, त्याच जागेचं सपाटीकरण यासाठी वापरा. दगड-विटांचा मलबा पांदण रस्त्याच्या भरावात जाते, त्याला गिऱ्हाईक शोधा लागत नाही.

प्लॅस्टिक-चिंध्यांचा जळाऊ माल, ज्याला आरडीएफ म्हणतात, तो सिमेंट कारखान्यात कोळशाच्या जोडीला भट्टीत जाते. विदर्भाचं नशीब असं की चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत. पण फोन केला आणि गाडी पाठवली असं होत नाही. ते माल तपासतात, ओल किती, माती किती, जळायची ताकद किती, आणि क्लोरीन किती. पीव्हीसी पाइपाचे तुकडे, रेक्झिन हे जास्त असलं तर माल परत येते आणि येण्या-जाण्याचं भाडं तुमच्या बोकांडी. बुलडाण्याहून चंद्रपूर म्हणजे भाडंच मालाच्या डोक्यावर बसते, म्हणून दोन-चार गावांनी मिळून गाडी भरा, माल झटकून, वाळवून, गठ्ठे बांधून पाठवा. आणि हे बोलणं ढीग उघडायच्या आधी करून ठेवा, लेखी.

लोखंड, काच, बाटल्या कबाडी उचलते. आता उरला धोक्याचा माल. फवारणीच्या औषधाचे डबे, सुया, सेल, ट्यूबलाइट. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली हे आपल्याला माहीतच आहे, त्या डब्यांना उघड्या हातानं हात लावू देऊ नका आणि कबाड्याला तर देऊच नका, कोणी धुऊन त्यात तेल भरते. वेगळ्या झाकणाच्या ड्रममधे ठेवा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणीच पाठवा.

झाकून टाकायचा पर्यायही असते, म्हणजे वरून चिकणमातीचा ६० सेंटीमीटरचा दाबलेला थर, त्यावर निचऱ्याचा १५, त्यावर झाडोऱ्यासाठी मातीचा ४५, गॅस निघायला पाइप, आणि पुढे १५ वर्षं देखरेख. काळी माती फुकट मिळते म्हणून लोकांना हे स्वस्त वाटते. पण ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या पावसाचं पाणी सरळ आत. गावच्या ढिगासाठी मी तरी झाका असं म्हणणार नाही, उपसा. मोकळी झालेली जागा लगेच तारेचं कुंपण घालून कडुनिंब, करंज, बांबू लावून टाका, नाहीतर महिन्याभरात तिथं पुन्हा पहिली ट्रॉली रिकामी होते. अंगणवाडी किंवा घरकुलं मात्र तिथं नकोत.

शेड केवढी पायजे

आता रोजचा सुका कचरा मोजा. आठ दिवस घंटागाडी काट्यावर न्या, त्यात एक बाजाराचा दिवस आला पायजे, आणि लग्नसराईत पुन्हा एकदा मोजा. आपल्याकडे काय निघते हेही पहा. खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, बियाण्याच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे क्रेट. ठिबकच्या नळीला भाव आहे, पन्नीला नाही, आणि पन्नीच सगळ्यात जास्त असते. खर्र्याची पन्नी एवढी लहान आणि घाण असते की ती वेचायला जेवढी मजुरी जाते तेवढे पैसे ती कधीच देत नाही, म्हणून तिचा डबा पानठेल्यावरच ठेवा.

समजा ५,००० वस्तीच्या गावात माणशी ५० ग्रॅम, म्हणजे रोज २५० किलो सुका निघाला. मोकळा सुका माल घनमीटरला ४० किलोच्या आसपास भरते, म्हणजे रोज सहा घनमीटरच्या वर, सव्वादोन ब्रास धरा. आठवड्याला एकदा तालुक्याला पाठवला तर ४४ घनमीटरच्या आसपास साठवायची सोय लागते, दीड मीटर उंच रचला तर साधारण तीनशे चौरस फूट. तेवढीच जागा निवडायला. म्हणजे २० बाय ३० ची शेड पुरली! आणि हाच माल महिनाभर ठेवून गावातच गठ्ठे बांधायचे म्हटलं तर चौपट मोठी शेड, थ्री फेज लाइन, मशीन, ऑपरेटर, सगळं आलं.

पैशाचं गणितही तेच सांगते. ग्रामीण स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये, त्याच्या वरच्या गावाला ४५ रुपये असं ठरलं. ५,००० वस्तीला झाले ३ लाख. प्लॅस्टिकच्या युनिटला मात्र तालुक्यामागे १६ लाखांपर्यंत ठेवले होते. मतलब साफ आहे, गावात निवडायची शेड, तालुक्याला मशीन.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे दुपारचं ऊन आत कमी शिरते. उंची १६ फूट तरी, वर गरम हवा जायला मोकळं, जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट वर, खाली सिमेंटचा कोबा आणि एका बाजूला उतार. निवडायचं टेबल तीन फूट उंच, बायका दिवसभर वाकून बसल्या तर चार महिन्यात काम सोडतात. पाणी, संडास, हात धुवायची जागा, कपडे ठेवायला कपाट, हे नकाशातच पायजे. माल एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर. रचलेल्या मालात दोन मीटरचा रिकामा पट्टा, रेतीच्या बादल्या आणि पाण्याची टाकी. बचत गटाला काम द्या, पण गावात जो कबाडी वर्षानुवर्षं भंगार घेऊन राहिला आहे त्यालाही सोबत घ्या, भाव त्याला माहीत असते आणि बाहेर ठेवला तर चांगला माल दारातूनच त्याच्याकडे जाते, तुमच्या शेडमधे नुसत्या पन्न्या.

आता मशीन

तालुक्याच्या युनिटला तीन पुरतात. गठ्ठे बांधायचं बेलिंग मशीन, प्लॅस्टिकची धूळ झटकायचं फटका मशीन आणि तुकडे करायचं श्रेडर. पहिले बेलिंग घ्या, कारण मोकळा माल गाडीत भरणं म्हणजे हवेचं भाडं देणं. घनमीटरला २०० किलो असा दाबला तर गावाचा महिन्याचा एकशे ऐंशी-नव्वद घनमीटर माल सदतीस-अडतीसात बसते. फटका दुसरा. श्रेडर तेव्हाच, जेव्हा तुकडे घेणारा ठरला असेल, उदाहरणार्थ डांबरी रस्त्यात डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लॅस्टिक चालते, पण त्यासाठी रस्त्याचा ठेकेदार आणि बांधकाम विभाग दोघांचं लेखी होकार पत्र हातात पायजे.

ऑर्डर देताना किंमत शेवटी विचारा. ब्लेडला धार कुठे लागते, मेकॅनिक नागपूरहून येतो की पुण्याहून, किती दिवसात येतो, सिंगल फेजवर चालते का, लोडशेडिंगच्या वेळापत्रकात दिवसाला किती तास मिळतात, हे विचारा. दहा टक्के रक्कम सहा महिने चालवून दाखवल्यावर द्यायची असं करारात टाका. आणि जुन्या ढिगाच्या ठेकेदाराला बिल किती टन चाळलं यावर देऊ नका, किती जागा मूळ मातीपर्यंत मोकळी झाली याची मोजणी आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती, दोन्ही जुळल्यावरच चेकवर सही करा.